जिद्द, रडू आणि आपली तरबियत

(युवा अभ्यास शिबिरातलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



वेळापत्रकात 'लहान मुलं आणि आपण' या विषयापुढे माझं नाव वाचून मागच्या रांगेतले काही जण हसले, ते मी पाहिलं. हसा, हरकत नाही. तुमच्यातल्या बहुतेकांची लग्नं अजून व्हायची आहेत, आणि मी पडलो सॉफ्टवेअरवाला, बालमानसतज्ज्ञ नाही. तरी हा विषय मी मागून घेतला, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आपल्या घरांत मूल फक्त आईबापाचं नसतं. ते खालाचं असतं, फुफीचं असतं, मामूचं असतं, खालच्या मजल्यावरच्या आपाचंही असतं. आईबाप दोघं कामावर असतात तेव्हा तीन वर्षांच्या भाच्याला सांभाळायला तुम्हीच असता. तो बाजारात जमिनीवर लोळायला लागला की चार लोकांसमोर त्याला उचलायचं कामही तुमच्याच वाट्याला येतं. दुसरं कारण जरा जड आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

'तरबियत' हा शब्द आपण फार सहज वापरतो. मूल पाहुण्यांसमोर गप्प बसलं, सलाम केला, ताटातलं निमूट खाल्लं की म्हणायचं, तरबियत अच्छी है. मूल ओरडलं की, माँ-बाप ने कुछ सिखाया नहीं. म्हणजे आपण तरबियत मोजतो ती आवाजावरून! माझं मत असं आहे की गप्प बसलेलं मूल आणि सावरलेलं मूल यांत फार अंतर आहे, आणि आपल्या घरांतली बरीचशी मेहनत पहिल्यासाठीच खर्च होते.

आधी त्या लोळणाऱ्या मुलाकडेच पाहू. दीड ते चार वर्षांच्या मुलांचं आकांडतांडव हा वाढीचाच भाग आहे. राग, भीती, हाव ही यंत्रणा जन्मापासून जोरात चालू असते. तिला थांबवणारा ब्रेक म्हणजे कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. तो पूर्ण तयार व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. म्हणजे या सभागृहातल्या काहींचाही अजून झालेला नाही. मग तीन वर्षांच्या पोराकडून 'समजून घे' ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

२००३ साली मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या अमेरिकी संशोधकांनी एक साधं काम केलं. दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांकडून त्यांनी अशा आकांडतांडवाची क्रमवार वर्णनं लिहून घेतली: आधी ओरडला, मग लाथ मारली, मग रडला, मग जवळ आला. दोन गोष्टी पुढे आल्या. साधारण तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत संपलेले होते. आणि राग सुरुवातीलाच उसळून मग उतरत जातो, दुःख मात्र शेवटपर्यंत टिकून राहतं. लाथा आणि किंचाळ्या आधी, हुंदके आणि कुशीत शिरणं नंतर. हे कळल्यावर माझी मोठी चिंता मिटली. पहिल्या दोन मिनिटांत मुलाला काही शिकवता येत नाही. तेव्हा फक्त त्याला लागू नये, कोणाला लागू नये एवढं पाहायचं. शिकवायची वेळ हुंदके सुरू झाल्यावर येते, आणि तेव्हाही आधी पाणी, मग मांडी, मग बोलणं.

आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. पोरगं ओरडलं की सात माणसं गोळा होतात. दादी बिस्किट आणते, चाचा मोबाइल पुढे करतो, अब्बा डोळे वटारतात, अम्मी विचारते 'क्या हुआ? बोल ना, क्या हुआ?', शेजारीण दारातून म्हणते, नजर लागली असेल. भडकलेल्या मुलाला एकाच वेळी सात दिशांनी सूचना! संगणक असता तर बंद पडला असता. आमच्या घरात नियम ठरला की एका वेळी एकच मोठं माणूस बोलेल, बाकीच्यांनी टीव्ही पाहावा. हा नियम मुलांपेक्षा मोठ्यांना जड गेला, पण आता दादीच सगळ्यांना हाकलते.

त्या एका माणसाने करायचं काय? खाली बसायचं, मुलाच्या उंचीवर यायचं. आवाज खाली ठेवायचा. वाक्य छोटं: 'तुला राग आलाय. मारू देणार नाही.' आणि खरंच हात धरून मारू द्यायचं नाही. या दोन वाक्यांपैकी एकच घेतलं तर काम बिघडतं. नुसतं 'राग आलाय' म्हणत त्याला धाकट्या बहिणीचे केस ओढू दिले तर ते लाड झाले. नुसतं 'मारायचं नाही' म्हटलं तर त्याला कळतं की राग येणं हाच गुन्हा. राग येण्यावर बंदी घालता येत नाही, घालूही नये. हातावर घालायची. हा फरक लहानपणी न कळलेली मोठी माणसं तुम्ही रोज रस्त्यावर बघता.

आता शब्दांबद्दल, कारण इथे आपली गोष्ट थोडी वेगळी आहे. मी सोलापूरचा, नोकरी पुण्यात. माझ्या घरात दखनी, खाली अंगणात मराठी, मुलांच्या शाळेत इंग्रजी. माझ्या मुलीला तीन वर्षांची असताना तिन्ही भाषांत रंग येत होते. पण मनातल्या हालचालीसाठी तिच्याकडे एकच शब्द होता: गुस्सा. भूक लागली तरी गुस्सा, झोप आली तरी गुस्सा, पाहुण्यांसमोर लाज वाटली तरी गुस्सा. बालवाडीत भिंतीवर तीन चेहरे होते, हॅपी, सॅड, अँग्री. हे म्हणजे स्वयंपाकघरात मीठ, तिखट आणि साखर एवढंच ठेवण्यासारखं झालं.

आणि आपल्याकडे डबे किती भरलेले आहेत पाहा. मराठीत मूल रुसतं, फुगतं, हिरमुसतं, खट्टू होतं, बावरतं, ओशाळतं, त्याला चुटपुट लागते, हेवा वाटतो. रुसणं आणि हिरमुसणं यांतला फरक इंग्रजीत एका शब्दात सांगून दाखवा. रुसलेल्याला वाटतं कोणीतरी येऊन मनवावं. हिरमुसलेल्याची आशाच मोडलेली असते. दोघांवर उपायही वेगळा. पलीकडे आपली घरची बोली: नाराज, उदास, मायूस, घबराहट, जलन, शर्मिंदा. दोन भाषांच्या घरातलं मूल या बाबतीत श्रीमंत असतं. फक्त मोठ्यांनी ते शब्द वापरायला हवेत, आणि स्वतःसाठीही. 'आज ऑफिसात माझं काम नाकारलं, मी जरा खट्टू आहे' असं बापाने मुलासमोर म्हणायला काय हरकत आहे? २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याच्या घंटेची, अमिग्डालाची, हालचाल कमी होते. आपल्या आज्यांनी हे यंत्राशिवाय केलं. 'माझं बाळ रुसलं का गं?' एवढं म्हणून त्या अर्धं काम उरकत.

यासाठी वेगळे तास लावायची गरज नाही. चिऊ-काऊची गोष्ट सगळ्यांना येते. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, तो भिजत चिऊच्या दाराशी उभा आहे आणि ती आत काही ना काही करत बसली आहे. तिथे थांबा आणि विचारा: काऊला काय वाटत असेल? मग विचारा: चिऊला काय वाटत असेल? माझी मुलगी म्हणाली, चिऊला भीती वाटते की काऊ तिचं बाळ खाईल. इतकी वर्षं मी चिऊला आळशी समजत होतो.

मुलगा-मुलगी हा मुद्दाही इथेच येतो. 'लड़का हो के रोता है?' हे आपण दोन वर्षांच्या मुलाला विचारतो, आणि मुलगी चिडली की, 'लड़की की ज़ात, इतना गुस्सा?' मुलाचं रडू बंद केलं की त्याच्याकडे उरतो फक्त राग. मुलीचा राग बंद केला की तिच्याकडे उरतं फक्त रडू. पुढे ही दोघं लग्न करतात. त्यावर वेगळं भाषण लागेल, इथे सोडतो.

जिद्दीकडे येऊ. आधी एक प्रयोग सांगतो. स्टॅनफर्डमधला जुना, १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचला असेल. मुलासमोर मिठाई ठेवायची आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील. जो थांबतो तो पुढे यशस्वी, असं त्यावरून सगळीकडे पसरलं. २०१३ साली रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी त्यात एक पायरी आधी जोडली. २८ मुलं होती. त्यांना चित्र काढायला जुने खडू दिले आणि सांगितलं, थोडं थांबा, चांगले खडू आणते. निम्म्या मुलांसाठी खरंच आणले. उरलेल्यांना येऊन सांगितलं, माफ करा, शिल्लक नाहीत. चिकटचित्रांच्या बाबतीतही तेच केलं. मग मिठाईचा प्रयोग. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांच्याशी मोडला होता ती जेमतेम ३. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९ निघाली, दुसऱ्या गटात १४ पैकी १.

म्हणजे जिला आपण जिद्द, हाव, बेसब्री म्हणतो ती अनेकदा मुलाने केलेला सरळ हिशेब असतो: या माणसाच्या शब्दावर थांबण्यात फायदा नाही, आत्ता मिळतंय ते घ्या. आता आपण दिवसभरात मुलांशी काय काय बोलतो ते आठवा. 'सुई नहीं लगाएंगे' म्हणून दवाखान्यात नेतो. 'कल ले देंगे' म्हणतो आणि तो कल येत नाही. 'पाँच मिनट में आया' म्हणून ऑफिसला निघून जातो. मूल खेळात रमलं की मागच्या दाराने सटकायचं, हा तर घराघरांतला मान्य उपाय. आणि मग आपण म्हणतो, आजकाल फार चिकटतो, सोडतच नाही. सोडेल कसा? नजर काढली की माणूस गायब होतं, हे त्याने शिकून घेतलंय. दारात उभं राहून 'मी चाललो, संध्याकाळी मगरिबच्या सुमाराला येईन' म्हणा. दोन मिनिटं रडेल, पण खिडकीतून हात करेल. दवाखान्यात म्हणा, 'टोचेल, थोडं दुखेल, मी हात धरून ठेवतो.'

मोबाइलची जिद्द मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि इथे मी माझ्या धंद्यातून बोलतो. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की प्रत्येक वेळी दाणा मिळणाऱ्या पक्ष्यापेक्षा कधी मिळेल कधी नाही अशा पक्ष्याची सवय मोडायला जास्त वेळ लागतो. त्यांचं आणि चार्ल्स फर्स्टर यांचं यावरचं पुस्तक १९५७ सालचं आहे, आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांना हे तत्त्व तोंडपाठ असतं. तुम्ही बोटाने पडदा खाली ओढता आणि काही नवीन येतं किंवा येत नाही, तो हाच दाणा. आता घरात पाहा. मूल मोबाइल मागतं, आपण नऊ वेळा नाही म्हणतो, दहाव्यांदा वैतागून देतो. आपल्याला वाटतं आपण नऊ वेळा नाही म्हणालो. मूल शिकतं की दहा वेळा मागायचं असतं.

यावर इलाज आहे, पण तो सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा: देणं बंद केलं की पहिले काही दिवस रडणं वाढतं. आधी जो रस्ता चालत होता तो बंद दिसला की मूल जोर लावून पाहतं. बहुतेक घरं तिसऱ्या दिवशी इथेच हरतात आणि मोबाइल देऊन टाकतात, म्हणजे आता शंभर वेळा मागायचं असतं हे शिकवतात. जेवताना द्यायचा नाही ठरलं तर दादीनेही द्यायचा नाही, शुक्रवारी आलेल्या मामूनेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन दिलं आहे. वर्षभराच्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त नको, कमी तितका बरा. त्याच मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते असं म्हटलं आहे. तुमच्या घरातल्या मुलांचे तास मोजा. मला वाटतं, अर्ध्या घरांतली जिद्द म्हणजे न झालेली झोप आहे.

मोजायचंच तर नीट मोजा. आमच्याकडे एखादी प्रणाली अधूनमधून बिघडते तेव्हा आम्ही तिला शिव्या देत नाही, नोंदी पाहतो. धाकटा तीन वर्षांचा असताना बायकोने आणि मी दोन आठवडे एका वहीत लिहिलं: किती वाजता, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, मग आम्ही काय केलं. चौथ्या रकान्याला विशेष महत्त्व आहे, तो लोक गाळतात. दोन आठवड्यांनी दिसलं की बहुतेक भांडणं सात ते आठच्या दरम्यानची होती. तेव्हा मी नुकता घरी आलेला, बायको स्वयंपाकात, टीव्ही चालू आणि त्याचं जेवण साडेआठला. आम्ही त्याचं जेवण सातला आणलं. वरण-भात, कधी खिचडी. अर्धा प्रश्न तिथेच संपला. रमजानमध्ये हीच वही परत काढा. सेहरीच्या गडबडीत मुलांची झोप मोडलेली असते आणि संध्याकाळी पाच-सहाला मोठ्यांचाही तोल गेलेला असतो. मुलांना त्या वेळी आधी खाऊ घालून बसवा. इफ्तारच्या दस्तरख्वानवर भूक लागलेल्या चार वर्षांच्या मुलाला सब्र शिकवायचा मोह टाळा.

भीतीबद्दल बोलायलाच हवं. 'बुढ्ढा बाबा आएगा', 'पुलिस पकड़ के ले जाएगी', 'डॉक्टर को बुलाऊँ क्या?' झटपट उपाय आहे, लगेच गप्प बसतं. पण उद्या हेच मूल उरुसात हरवलं तर ते पोलिसाकडे जाईल की त्याला पाहून लपेल? आणि मार. 'आम्ही मार खाऊनच इंजिनिअर झालो' हे मी माझ्या मित्रांकडून नेहमी ऐकतो. मार खाऊन इंजिनिअर न झालेले आमच्या वर्गात कितीतरी जास्त होते, त्यांना कोणी भाषणाला बोलावत नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यास, म्हणजे दीड लाखांहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. विषय होता नुसत्या चापट्या, हाडं मोडणारी मारहाण नव्हे. चापट्या खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा, आईबापाशी दुरावा, मनाचे त्रास हे सगळं जास्त आढळलं. मूल जास्त ऐकू लागतं असं काही आढळलं नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९, याच्या कलम १७ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. शाळेच्या बाईंनी हात उगारला तर तुम्ही या कलमाचं नाव घेऊन मुख्याध्यापकांकडे जाता. ते कलम घराच्या उंबरठ्यापाशी थांबतं. स्वीडनने १९७९ साली घरातही मारायला बंदी केली, आणि आज असे देश साठच्या वर आहेत.

कोणी म्हणेल, ही बाहेरची खुळं आहेत. मग ताराबाई मोडकांचं नाव लक्षात ठेवा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ साली बोर्डीला त्यांनी गावातल्या मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, हा विचार तिथला. पुढे अनुताई वाघांनी ते काम कोसबाडला चालवलं. मारून शिकवायचं नाही, मुलाकडे नीट पाहायचं, हे आपल्या ठाणे-पालघरच्या मातीत ऐंशी वर्षांपूर्वी सुरू झालं आहे.

एक गोष्ट घाईघाईने सांगून टाकतो, कारण ती राहून जाते. सगळंच लाडाने आणि शब्दांनी सुटत नाही. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागलं असेल तर 'घरात तीन भाषा आहेत म्हणून उशीर' असं म्हणून थांबू नका. जास्त भाषांमुळे असा दोष होत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मोफत तपासणी होते, आणि जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी उपचार केंद्रं आहेत. अंगणवाडी ताईंना विचारा. लाज वाटायचं काही कारण नाही.

आता ते दुसरं कारण.

माझी भाची सहा वर्षांची होती, पहिलीत. एका आठवड्यात तिने धाकट्या भावाला तीनदा चिमटे काढले, दप्तर फेकलं, डबा न खाता परत आणला. घरात सगळ्यांचं मत एकच: बिघडली, जरा दोन लगाओ. माझी आपा स्वभावाने कमी बोलणारी. तिने भावाला बाजूला घेतलं, मुलीला एवढंच सांगितलं, 'चिमटा नाही काढायचा', आणि विचारपूस केली नाही. रात्री केस विंचरताना म्हणाली, 'या आठवड्यात तू हिरमुसलेली दिसतेस.' मुलगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली की शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने सांगितलंय, तुझ्या डब्यातलं खायचं नाही असं माझी मम्मी म्हणते, तुम्ही लोक घाण असता.

सहा वर्षांची मुलगी हे चिमट्यांतून सांगत होती. पहिल्या चिमट्याला दोन लगावले असते तर ती चिमटे काढायची थांबली असती, आणि डब्याची गोष्ट घरात कधीच कळली नसती. आपल्या मुलांना शाळेत, खेळाच्या मैदानावर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये काय ऐकावं लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यातल्या अनेकांनी ते स्वतः ऐकलंय. नाझिया इरम यांनी 'मदरिंग अ मुस्लिम' या पुस्तकात अनेक शहरांतल्या आयांशी बोलून हे लिहून ठेवलं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे त्यासाठी 'भेदभाव' हा शब्द नसतो. त्याच्याकडे पोटदुखी असते, न खाल्लेला डबा असतो, धाकट्या भावाचा दंड असतो.

आणि प्रश्न फक्त डब्याचा नाही. कोणी मोठ्या माणसाने नको तिथे हात लावला तरी मूल असंच काहीतरी विचित्र वागून दाखवतं. म्हणून ईदला आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात मुलाला ढकलू नका. दूरून सलाम पुरे. 'नको' म्हणाल्यावर घरात कोणी ऐकतं, हा अनुभव त्याच्या गाठीशी असू द्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक घरातल्या प्रत्येक फोनमध्ये ठेवा, आज इथून उठायच्या आधी.

आपाने पुढे काय केलं तेही सांगतो, कारण अशा वेळी दोन वाक्यं हमखास तोंडात येतात. एक, 'जाने दे, कुछ नहीं होता.' दुसरं, 'आजपासून त्यांच्याशी बोलायचं नाही, ते लोक असेच.' पहिल्याने मुलीला कळतं की तिचं दुःख खोटं आहे. दुसऱ्याने सहाव्या वर्षी तिच्या डोक्यात भिंत उभी राहते. आपा म्हणाली, 'वाईट वाटलं ना? मला पण वाटलं असतं. आपला डबा स्वच्छ आहे, तो मी करते.' मग बराच वेळ ती रडली, आपाने रडू दिलं. दुसऱ्या दिवशी आपा एकटीच वर्गशिक्षिकेकडे गेली. आरडाओरड केली नाही. काय बोललं गेलं ते शब्द आणि तो वार कागदावर लिहून नेला होता, आणि कोणाला शिक्षा करा असं म्हणाली नाही, वर्गात डबा सगळ्यांनी गोल बसून खावा एवढं मागितलं. बाई आधी म्हणाल्या, मुलं बोलतात हो असं. कागद पाहिल्यावर म्हणाल्या, बघते.

गोल काही आठवडे झाला, मग परत बाकावर खाणं सुरू झालं. ती मैत्रीण अजून हिचा डबा खात नाही, पण हिच्याबरोबर लंगडी खेळते. भाचीने दुसऱ्या एका मुलीशी दोस्ती केली आहे, तिला शेवयांचा शीरखुर्मा फार आवडतो. चिमटे अजून अधूनमधून निघतात, पण आता नुसतं 'आज काय झालं?' विचारलं तरी कधीकधी उत्तर येतं.

मला दिलेली वेळ संपली आहे. चहा यायला दहा मिनिटं आहेत, तोवर प्रश्न घेऊ. मागे हसत होतात त्यांच्यापासून सुरुवात करा.